गृध्रसी : नाव लिहिण्यापूर्वी कारण शोधावे

कंबरेवर हात ठेवून, एक पाय जपून टाकीत रुग्ण चिकित्सालयात येतो आणि खुर्चीवर टेकण्यापूर्वीच सांगतो, ‘‘वैद्यराज, मला सायटिका आहे.’’ हे निदान त्याने शेजाऱ्याकडून, औषधांच्या दुकानातून किंवा एमआरआयच्या पाकिटातून आणलेले असते. आपणही केसपेपरवर ‘गृध्रसी’ असे लिहितो, योगराज गुग्गुळ व महारास्नादि काढा देतो आणि सात दिवसांच्या कटिबस्तीची वेळ ठरवून देतो. या सर्व व्यवहाराला पाच मिनिटेही लागत नाहीत. गेली अनेक वर्षे व्यवसाय करताना मला असे दिसून आले आहे की, गृध्रसीच्या चिकित्सेत आपल्याला येणारे अपयश हे बहुधा औषधाचे नसून या पाच मिनिटांचे असते. त्याविषयी काही विचार वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधी विक्रेत्यांपुढे नम्रपणे मांडावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सायटिका हे लक्षण आहे, व्याधी नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कटिभागातील चौथी व पाचवी आणि त्रिकभागातील पहिल्या तीन नाड्यांची मुळे एकत्र येऊन शरीरातील सर्वांत जाड नाडी तयार होते. ती नितंबातून मांडीच्या मागील बाजूने खाली उतरते. तिच्या मुळाशी किंवा मार्गात कोठेही पीडा उत्पन्न झाली, की नितंबापासून पावलापर्यंत कळ जाते. ज्वर म्हटल्याने जसा ज्वराचा हेतू समजत नाही, तसेच सायटिका म्हटल्याने ती पीडा कोणी उत्पन्न केली हे समजत नाही.

शास्त्रातील गृध्रसी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील महारोगाध्यायात गृध्रसीची गणना ८० नानात्मज वातविकारांत केली आहे. चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात तिचे वर्णन येते. वेदना स्फिक् प्रदेशापासून सुरू होऊन कटी, पृष्ठ, ऊरु, जानु, जंघा आणि पाद अशी क्रमाने उतरते. तिच्यासोबत स्तंभ, तोद आणि वारंवार होणारे स्पंदन असते. वातज आणि वातकफज असे दोन भेद सांगून दुसऱ्या भेदात तंद्रा, गौरव व अरोचक ही लक्षणे जोडली आहेत. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात टाच व पायाची बोटे यांच्याशी संबंधित कंडरा वाताने पीडित झाल्याने पाय उचलण्याच्या क्रियेला अडथळा येतो, याकडे लक्ष वेधले आहे.

या दोन वर्णनांत निदानाची दोन स्वतंत्र साधने आहेत. पहिले, वेदनेचा क्रम व मार्ग. दुसरे, पाय उचलण्याची मर्यादा. रुग्णास उताणे निजवून गुडघा न वाकविता पाय उचलणे, ही परीक्षा आज फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या शिष्याने १८८१ साली आपल्या प्रबंधात तिचे वर्णन केले. सर्वसाधारणपणे ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायात उतरणारी कळ आली, तर नाडीमूळ ताणले जात असल्याचा संशय बळावतो. केवळ कंबरेत किंवा मांडीच्या मागील स्नायूत ओढ बसली, तर ते चिन्ह धरू नये. पाय उचलता न येणे हे लक्षण ज्या परंपरेने व्याख्येतच नोंदविले, त्या परंपरेच्या वैद्याने रुग्णाचा पाय न उचलता गृध्रसी लिहावी, हे शोभणारे नाही.

येथे एक सावधगिरीही सांगावीशी वाटते. कंडरा म्हणजेच सायटिक नाडी, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्या अनेक लेखांतून दिसतो. आचार्यांनी जे पाहिले ते त्यांच्या परिभाषेत नेमकेपणे लिहिले. आधुनिक शारीराने जे पाहिले ते त्याच्या परिभाषेत लिहिले. दोन्ही वर्णने एकाच रुग्णाकडे पाहण्यास उपयोगी पडतात, एवढे पुरेसे आहे. शब्दाला शब्द जोडून शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही.

कारणांचा विचार

पाश्चात्त्य वैद्यकालाही या रोगाचे कारण समजण्यास बराच काळ लागला. नेपल्सचे दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली नाडीजन्य पीडा ही सांध्याच्या पीडेपेक्षा वेगळी असल्याचे मांडले. मणक्यांमधील गादी फाटून बाहेर आल्याने नाडीमूळ दाबले जाते, ही गोष्ट सर्वमान्य होण्यास मिक्स्टर व बार यांचा १९३४ सालचा शोधनिबंध यावा लागला. आज गादीचा विकार हेच सर्वांत मोठे कारण मानले जाते आणि त्यातील ९० टक्क्यांहून अधिक विकार कटीच्या शेवटच्या दोन गाद्यांत, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये व पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांमध्ये आढळतात. केवळ दाबाने सर्व वेदनांचा उलगडा होत नाही, हेही पुढे समजले. गादीतील मऊ द्रव्य बाहेर पडून नाडीमुळाशी शोथ उत्पन्न करते. त्यामुळे लहान भेगेतही वेदना तीव्र असू शकते आणि मोठा फुगवटा असूनही रुग्ण सुखाने हिंडतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचे एमआरआय तपासले गेले. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींत निदान एका ठिकाणी गादी फुगलेली आढळली आणि २७ टक्क्यांत ती पुढे सरकलेली होती. या लोकांना कोणतीही वेदना नव्हती. म्हणूनच रुग्णाने टेबलावर ठेवलेल्या अहवालात ‘डिस्क बल्ज’ हे शब्द दिसताच निदान झाले असे समजणे चूक आहे. अहवालातील स्थान, वेदनेचा मार्ग आणि आपल्या परीक्षणात आढळलेली चिन्हे ही तिन्ही जुळली, तरच त्या गादीला दोषी धरावे.

गादीखेरीज अन्य कारणेही तितकीच ध्यानात ठेवली पाहिजेत. मणका पुढे घसरणे. उतारवयात मज्जारज्जूची नलिका अरुंद होणे, ज्यात चालल्यावर पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसल्यावर आराम पडतो. नितंबातील खोल स्नायूच्या आकुंचनाने नाडी दाबली जाणे. नितंबात चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने नाडीस इजा होणे. आणि आपल्या देशात कधीही विसरू नये असा मणक्याचा क्षय. मधुमेही रुग्णाची नाडीविकृती आणि पुरळ उठण्यापूर्वीची नागीण यांचाही पायात उतरणाऱ्या वेदनेच्या रूपाने भास होतो.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर वातप्रकोपाचे दोन मार्ग येथे स्पष्ट दिसतात. एकात धातुक्षय असतो : वृद्ध, रूक्ष, कृश, रात्री जागणारा, कमी व अवेळी जेवणारा रुग्ण. दुसऱ्यात मार्गावरोध असतो : स्थूल, बैठे काम करणारा, सकाळी जखडलेला, जड अन्न व दिवास्वाप सेवन करणारा रुग्ण. दोघांचाही पाय दुखतो. दोघांचे औषध मात्र एक नाही. पहिल्यास स्नेह व बृंहण देऊन बरे वाटते, त्याच स्नेहाने दुसऱ्याचे गौरव वाढते. सर्व गृध्रसीग्रस्तांना पहिल्याच दिवशी तेलाच्या टेबलावर निजविणाऱ्या ‘पॅकेज’ चिकित्सेस माझा विरोध आहे तो याच कारणासाठी. सामावस्थेत दीपन, पाचन आणि रूक्ष स्वेद यांनी आरंभ करावा, ही गोष्ट आपण सर्व जण शिकलो आहोत. व्यवसायाच्या घाईत ती विसरतो. ऊरुस्तंभासारख्या व्याधीत तर आचार्यांनी स्नेहन व शोधन वर्ज्यच सांगितले आहे. पाय जड, परक्यासारखा वाटतो म्हणणाऱ्या रुग्णात हा भेद न पाहता तेल वापरणे म्हणजे अपाय करणे होय.

निदानपरिवर्जन : कागदावर आणि प्रत्यक्षात

वातव्याधींच्या हेतूंत चरकाचार्यांनी हत्ती, उंट, घोडा यांवरून तसेच वेगवान वाहनांवरून पडण्याचा उल्लेख केला आहे. दुःखकारक शय्या व आसन, अतिश्रम आणि वेगधारण यांचाही समावेश केला आहे. हत्ती व उंट गेले, दुचाकी आली. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज चाळीस-पन्नास किलोमीटर दुचाकीने फिरणारा विक्री प्रतिनिधी, एसटीचा चालक, बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारा हमाल, डोक्यावर मोळी घेऊन शिडीने ट्रकवर चढणारा ऊसतोड कामगार, भातलावणीसाठी दिवसभर वाकून चिखलात उभी असलेली कोकणातील स्त्री आणि पुण्यातील संगणकापुढे दहा तास बसणारा अभियंता, या सर्वांची गृध्रसी सारखी नसते. ‘वजन उचलू नका’ असे हमालाला सांगून आपले कर्तव्य संपत नाही. त्याचे पोट त्या वजनावर आहे. ओझे शरीराजवळ धरून गुडघ्यांतून कसे उचलावे, कंबर वळवून का उचलू नये, चालकाने दोन तासांनी उतरून पाच मिनिटे का चालावे, खिशातील जाड पाकिटावर का बसू नये, मलावष्टंभ असताना कुंथल्याने कळ का वाढते, हे त्याच्या भाषेत समजावून सांगणे ही चिकित्साच आहे. त्यासाठी प्रथम त्याचा व्यवसाय विचारावा लागतो. आपल्या किती केसपेपरांवर ‘व्यवसाय’ हा रकाना रिकामा आहे, हे प्रत्येकाने आज सायंकाळी पाहावे.

एक चूक

दुसऱ्याच्या चुका सांगणे सोपे असते. म्हणून माझीच सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी पंचेचाळिशीचा एक वाहनचालक माझ्याकडे आला. डाव्या पायात तीव्र वेदना, पाय पुरता उचलता येत नव्हता. निदानाविषयी शंका नव्हती. एरंडस्नेह, काढा, बस्ती असा उपक्रम मी सुरू केला. दहाव्या दिवशी त्याच्या वेदना निम्म्याहून कमी झाल्या; बाराव्या दिवशी जवळजवळ थांबल्या. आम्ही दोघेही आनंदात होतो. जाता जाता तो म्हणाला, ‘‘चप्पल पायातून निसटते, कळतच नाही. आणि लघवीला जरा वेळ लागतो.’’ बस्तीमुळे अपानाची गती बदलत असेल, असे मी सांगितले आणि गोक्षुरादि गुग्गुळ लिहून दिला. पायाचा अंगठा वर करून दाखवा, एवढेही मी म्हटले नाही.

तीन दिवसांनी त्याचा भाऊ आला. मूत्रप्रवृत्ती पूर्ण थांबली होती आणि बसण्याच्या जागेची संवेदना गेली होती. तातडीने शस्त्रक्रिया झाली. मूत्रप्रवृत्ती पुढे काही महिन्यांनी बरीच सुधारली. पाऊल मात्र उचलले गेले नाही. त्याने वाहन चालविणे सोडले. त्याच्या वेदना माझ्या औषधाने कमी झाल्या नव्हत्या. नाडीमूळ निकामी होत चालले होते, म्हणून कमी झाल्या होत्या. वेदना घटत असताना बल घटत असेल, तर तो उपशय नव्हे, हे मला त्या रुग्णाने शिकविले आणि त्याची किंमत त्याने दिली.

यावरून एक नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे. प्रत्येक भेटीत, वेदना कितीही कमी असो, रुग्णाला टाचांवर चालावयास लावावे, चवड्यांवर चालावयास लावावे आणि अंगठा वर उचलून त्यावर बोटाने दाब देऊन पाहावे. टाचांवर चालता न येणे व अंगठ्याचे दौर्बल्य हे पाचव्या कटिनाडीकडे, तर चवड्यांवर चालता न येणे व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया लोपणे हे पहिल्या त्रिकनाडीकडे बोट दाखविते. मल-मूत्राविषयी आणि बसण्याच्या जागेच्या बधिरतेविषयी स्पष्ट शब्दांत विचारावे. रुग्ण, विशेषतः स्त्रीरुग्ण, आपणहून सांगत नाहीत. मूत्र अडणे, आसनभागाची बधिरता, दोन्ही पायांत एकदम उतरलेली पीडा किंवा वाढते दौर्बल्य आढळल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. येथे दिवस नव्हे, तास मोजले जातात. सायंकाळचा ज्वर, वजन घटणे, विश्रांतीनेही न शमणारी रात्रीची वेदना, पूर्वीचा क्षय किंवा अर्बुद, वृद्धाचे पडणे यांपैकी काही असल्यास तपासण्या झाल्याशिवाय बस्तीचे यंत्र हाती घेऊ नये. रुग्ण पाठविण्यात कमीपणा नाही. उशिरा पाठविण्यात आहे.

यशाचे मोजमाप

गृध्रसीत आपल्याकडे प्रभावी उपक्रम आहेत, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. बस्ती आहे; चरकाचार्यांनी कंडरा व गुल्फ यांच्या मध्ये आणि सुश्रुताचार्यांनी जानुसंधीच्या चार अंगुळे वर किंवा खाली सांगितलेला सिराव्यध आहे; अग्निकर्म आहे. शेफालिकेच्या पानांच्या काढ्यासारखे साधे, स्वस्त औषध आहे. तथापि गादीच्या विकाराने होणारी बहुसंख्य सायटिका सहा ते बारा आठवड्यांत विनाशस्त्रक्रिया सुधारते, हेही सत्य आहे. बाहेर आलेला गादीचा भाग शरीर स्वतः शोषून घेते, असे पुनःपुन्हा केलेल्या एमआरआयमध्ये दिसले आहे. मग सहाव्या आठवड्यात बऱ्या झालेल्या रुग्णाचे श्रेय कोणाचे? ‘शस्त्रक्रिया टाळली’ असे फलक लावण्यापूर्वी हा प्रश्न आपणच स्वतःला विचारला पाहिजे. उत्तर देण्यासाठी नोंदी लागतात आणि त्या बहुतेकांकडे नाहीत. सिराव्यध करणाऱ्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह आणि निर्जंतुकता यांची नोंद ठेवली नाही, तर एका दुर्घटनेने संपूर्ण उपक्रम बदनाम होईल, हेही लक्षात ठेवावे.

औषधी विक्रेत्यांस विनंती

या त्रैमासिकाचे अनेक वाचक औषधालये चालवितात. ‘सायटिकाची गोळी द्या’ असे म्हणत येणारा ग्राहक प्रथम आपल्याकडे येतो, वैद्याकडे नंतर. आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीसाठी वेगळा परवाना लागत नाही; त्यामुळे येथे कायद्यापेक्षा विवेकावर अधिक भार आहे. महायोगराज गुग्गुळात धातूंची भस्मे आहेत. महावातविध्वंसन रसात वत्सनाभ आहे. वत्सनाभ औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या ई(१) परिशिष्टात विषद्रव्य म्हणून नोंदलेला असून अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना वेष्टणावर असते. काउंटरवर कोणी वाचून दाखवीत नाही.

त्याहून गंभीर बाब नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांची आहे. ‘वाताची पुडी’ घेताच दोन दिवसांत चमत्कार होतो, तेव्हा त्यात स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळल्याचा संशय घेतलाच पाहिजे. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते झिजते. मद्यपानानेही असेच होते. करोनाच्या साथीत, २०२०-२१ मध्ये, स्टिरॉइड घ्यावे लागलेल्या काही रुग्णांतही पुढे हा विकार नोंदला गेला. त्याची वेदना जांघेतून मांडीत उतरते आणि रुग्ण पुन्हा ‘सायटिका’ म्हणून आपल्याच काउंटरवर येतो. अशा रुग्णात पाय सरळ उचलता येतो, परंतु खुबा आत वळविताच कळ येते.

म्हणून औषधालयात चार प्रश्न विचारले जावेत, अशी विनंती आहे : लघवीला अडचण आहे का? पायात बळ कमी वाटते का? ताप किंवा वजनात घट आहे का? आधी कोणती पुडी घेतली? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले किंवा पुडीचे नाव सांगता आले नाही, तर गोळी न देता वैद्याचा पत्ता द्यावा. एका डबीचा नफा जाईल, ग्राहक राहील.

एक सूचना

शेवटी आपल्या संघटनेपुढे एक साधी सूचना ठेवतो. गृध्रसीच्या प्रत्येक रुग्णासाठी एक पानी समान नोंदपत्रक तयार करावे. त्यात व्यवसाय, वेदनेचा मार्ग, पाय किती अंशांपर्यंत उचलला गेला, अंगठा व चवडा यांचे बल, मल-मूत्राची स्थिती, साम-निराम अवस्था, दिलेला उपक्रम आणि सहाव्या व बाराव्या आठवड्यातील स्थिती एवढेच रकाने असावेत. सुधारणा न झालेल्या आणि अन्यत्र पाठविलेल्या रुग्णांची नोंदही तितक्याच प्रामाणिकपणे व्हावी. वर्षभरात पन्नास वैद्यांनी प्रत्येकी वीस पत्रके भरली, तरी हजार रुग्णांची माहिती हाती येईल. कोणत्या रुग्णास बस्तीचा लाभ होतो, कोणास सिराव्यधाचा आणि कोणास आपण वृथा थांबवून ठेवतो, हे त्यातून कळू लागेल. पहिली वीस पत्रके मी माझ्या चिकित्सालयातून देण्यास तयार आहे. या सूचनेविषयी वाचकांनी आपली अनुकूल व प्रतिकूल मते संपादकांकडे अवश्य कळवावीत.